कावातीनानंतर काय ऐकायचं?

तुम्ही लिहिलंय की बेथोव्हनच्या ओपस १३० (म्हणजे रचना क्रमांक १३०) या चार तारवाद्यांच्या क्वार्टेटचा शेवट म्हणून तुम्हाला नंतर लिहिलेला हलकाफुलका फिनालेच आवडतो. मूळ शेवट, म्हणजे ग्रोस फ्यूग (फ्यूग म्हणजे एकच सुरावट वाद्यं एकामागून एक उचलतात अशी रचना), तीनदा लावून बघितली, पण पाच मिनिटांपुढे ऐकवली नाही. आणि जाणकार मित्र म्हणतात, कान तयार झाले की आवडेल.

मी स्वतः गेली कित्येक वर्षं हा क्वार्टेट फ्यूगसकटच ऐकतो. तरीही मित्रांचं ते वाक्य मला अजिबात पटत नाही. मार्च १८२६ मध्ये व्हिएन्नात व्हायोलिनवादक शुपानत्सिगच्या चौघांच्या संचाने तो पहिल्यांदा वाजवला, तेव्हा श्रोत्यांनी मधल्या दोन छोट्या मूव्हमेंट (रचनेचे भाग) पुन्हा वाजवून घेतल्या आणि फ्यूगने मात्र सगळे गोंधळले. ती माणसं कच्च्या कानाची नव्हती. प्रकाशक आर्टारियाने वेगळा शेवट मागितला आणि बेथोव्हनने तो दिला. फ्यूग ओपस १३३ म्हणून स्वतंत्र छापली गेली. पैशासाठी मान तुकवली, असं काही जण म्हणतात. पण हाच माणूस इतर वेळी प्रकाशकांशी किती कडाकडा भांडायचा! नवा फिनाले त्याने १८२६ च्या शरद ऋतूत, भावाच्या ग्नाइक्सेनडॉर्फच्या घरी लिहिला. पूर्ण झालेली ती त्याची शेवटची मोठी रचना. तिला 'तडजोड' म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

खरा प्रश्न शेवटाच्या लगेच आधी येणाऱ्या कावातीनाचा, म्हणजे त्या संथ, गाण्यासारख्या मूव्हमेंटचा आहे. त्यात मध्येच काही बार असे येतात की बाकीची तिघं एकाच लयीत हळू धडधडत राहतात आणि पहिलं व्हायोलिन तुटक तुटक, अडखळत बोलतं. बेथोव्हनने तिथे 'बेक्लेम्ट' असा शब्द लिहिलाय, छाती दडपल्यासारखं. मग मूळ सूर परत येतो आणि मूव्हमेंट शांतपणे संपते. शेवटच्या स्वरसंगतीत पहिल्या व्हायोलिनकडे जी हा स्वर आहे. आता गंमत ऐका: फ्यूग त्याच जी वर सुरू होते, चारही वाद्यं एकदम, पूर्ण जोरात. आणि नवा फिनालेसुद्धा जी वरच सुरू होतो, पण एकटा व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य), अगदी हळू, वरच्या-खालच्या सप्तकांत टिचक्या मारत. दोन्ही वेळा बेथोव्हनने तोच धागा उचललाय.

त्यामुळे आवड कशावर ठरते? कावातीनाने जे हलवलं, त्यानंतर तुम्हाला कोणी हात धरून बाहेर आणायला हवंय, की ते सगळं तोडूनफोडून पुढे जायला हवंय, यावर. मला दुसरं हवं असतं. तुम्हाला पहिलं हवंय. दोघांनीही कावातीना नीट ऐकलाय, एवढंच त्यातून कळतं.

फ्यूग पाच मिनिटांत का सोडावीशी वाटते तेही सांगतो, कारण माझंही तेच व्हायचं. सुरुवातीच्या ओव्हर्तुरात, म्हणजे प्रस्तावनेत, विषय (फ्यूगची मूळ सुरावट) वेगवेगळ्या वेशांत झलक दाखवून जातो आणि मग दोन विषय एकदम चालवणारा पहिला दुहेरी फ्यूग सुरू होतो. तो मिनिटांमागून मिनिटं जवळजवळ सगळा जोरातच आहे, उसंत नाही. कान थकतात, त्यात कानांचा दोष नाही. पण त्यानंतर लगेच 'मेनो मॉस्सो' (कमी वेगाने) असा भाग येतो: एकदम हळू, रेशमासारखं, चारही जण जणू कुजबुजत आहेत. तुम्ही नेमके त्याच्या उंबरठ्यावरून परत फिरता आहात!

मला ही फ्यूग उमगली ती पियानोवर. चार हातांसाठी तिची आवृत्ती बेथोव्हननेच केली आहे, ओपस १३४. आधी ते काम दुसऱ्याने केलं होतं, ते त्याला पसंत पडलं नाही म्हणून स्वतः बसला. तारवाद्यांची घासाघीस नसल्यामुळे विषय कुठे शिरतो आणि कुठल्या हाताकडे जातो हे लख्ख दिसतं. आधी ती लावा. मग क्वार्टेटमधून फक्त मेनो मॉस्सोपासून पुढे ऐका, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. काही कलाकार एकाच बैठकीत कावातीनानंतर फ्यूग आणि तिच्यामागे नवा फिनालेही वाजवतात. ते मला सहन होत नाही. फ्यूग संपल्यावर व्हिओलाच्या त्या टिचक्या केविलवाण्या वाटतात, आणि त्या तशा मुळीच नाहीत. दोन्ही ऐकायचे असतील तर दोन वेगळ्या दिवशी ऐका, दर वेळी कावातीनापासून. त्यानंतरही फिनालेच आवडला तर मित्रांना तो जी दाखवा आणि विचारा, तुम्हाला हा ऐकू आला होता का?