कॅल्शियम स्टिअरेट काय असतं आणि पाइपाच्या कंपनीत ते का लागतं?

तुम्ही विचारलंय की भाऊ वाळूजला पीव्हीसी पाइपाच्या कंपनीत लागलाय, तिथं कॅल्शियम स्टिअरेटच्या गोण्या रोज फोडाव्या लागतात, तर ते कशाला लागतं आणि विषारी आहे का. मी याच लाईनीत मिक्सिंगला आहे म्हणून सांगतो.

हा एक साबणच आहे, फक्त फेस न येणारा. आपल्याकडं बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही अन् बादलीच्या कडंला पांढरट चिकट थर बसतो बघा, त्यात बराचसा असलाच कॅल्शियमचा साबण असतो. कारखान्यात तो स्टिअरिक ॲसिड (तेला-चरबीतून मिळणारं आम्ल) आणि चुन्यापासून मुद्दाम बनवतात. पांढरी बारीक पावडर, बोटाला तुपकट लागते, पाण्यात विरघळत नाही, १५० अंशाच्या आसपास वितळते.

आता पाइपाचं. पीव्हीसी नुसतं तापवलं की त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सुटतो, तो वायूच माल अजून जाळतो आणि पाइप आधी पिवळा मग तपकिरी पडतो. कॅल्शियम स्टिअरेट ते ॲसिड धरून ठेवतं. सोबत झिंक स्टिअरेट, म्हणजे तसाच जस्ताचा साबण, असतं, ते सुरुवातीचा रंग चांगला राखतं पण त्याचं झिंक क्लोराईड झालं की तेच माल एकदम काळा पाडतं, तिथं कॅल्शियमवालं ते क्लोराईड स्वतःकडं घेतं आणि झिंक स्टिअरेट पुन्हा कामाला मोकळं होतं, म्हणून दोघांची जोडी लागते, मला तर या सगळ्यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. पूर्वी हे काम शिशाचे क्षार करायचे, पण पिण्याच्या पाण्याच्या पाइपात शिसं नकोच, २०२१ मध्ये केंद्रानं त्याबद्दल नियमही काढलेत. शिवाय माल मशीनीच्या स्क्रूमधून आणि डायमधून (पाइपाला आकार देणाऱ्या साच्यातून) सरकायला याची मदत होते, पण मनानं जास्त टाकायचं नाही, माल लवकर वितळून मोटरवर लोड येतो.

सिमेंटच्या वॉटरप्रूफिंग पावडरीतही हे असतं. गोळ्या-औषधांत याचा भाऊ मॅग्नेशियम स्टिअरेट असतो, म्हणजे पोटात थोडं गेलं तर घाबरायचं कारण नाही.

काळजी धुळीची घ्यायची. भावाला सांगा गोणी ओतताना मास्क लावायचाच, कारण इतकी बारीक धूळ फुफ्फुसाला चांगली नाही, आणि हवेत दाट उडाली तर ठिणगीनं पेटू शकते, त्यामुळं जवळ वेल्डिंग किंवा बिडी अजिबात नको. अन् सांडली तर पाणी मारू नये, ती भिजत नाही, फरशी मात्र लई घसरडी होते.