पर्लमध्ये सिस्टमने मेल पाठवतोय, 32512 येतंय आणि मेल जातच नाही, काय चुकतंय?

स्क्रिप्ट हाताने चालवली की मेल जातो, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्राम) जात नाही, एरर काही नाही, फक्त सिस्टमने (पर्लमधून बाहेरची कमांड चालवणारं फंक्शन) परत दिलेला आकडा छापला तर 32512, असं तुम्ही लिहिलंय. अहो तो आकडाच उत्तर आहे की! 256 ने भागा, 127 येतात, आणि शेलचं (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) 127 म्हणजे कमांड सापडलीच नाही. पर्ल एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) $? मध्ये आठ बिट वर सरकवून ठेवतो म्हणून तो एवढा अगडबंब दिसतो, $? >> 8 केलं की खरा मिळतो.

तुम्ही मजकूर कॅट करून पाइपने नुसत्या ‘सेंडमेल’ला (मेल पाठवणारा प्रोग्राम) देताय आणि सेंडमेल सहसा असतं /यूएसआर/एसबिन मध्ये. तुमच्या लॉगिनच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) ते आहे, क्रॉन बिचारा बहुतेक ठिकाणी /यूएसआर/बिन आणि /बिन एवढंच बघतो. पूर्ण पाथ लिहा, मेल जायला लागेल.

पण मला जास्त खटकलं ते पुढचं. ‘ऑर डाय’ लावलं तर मेल जाऊनसुद्धा स्क्रिप्ट मरायची म्हणून काढून टाकलं म्हणता. मीपण सुरुवातीला हेच केलेलं, अख्खी दुपार घालवून. सिस्टम नीट चाललं की 0 देतं आणि पर्लच्या लेखी 0 म्हणजे खोटं, त्यामुळे ‘ऑर डाय’ बरोबर उलटं वागतं, काम झालं की मरतं आणि फसलं की गप्प. काढू नका, सिस्टम(...) == 0 ऑर डाय असं लिहा. आणि क्रॉनटॅबच्या ओळीच्या शेवटी ते /डेव्ह/नल (त्यात टाकलेलं सगळं गायब होतं) चिकटवलंय ते आधी उडवा, ‘नॉट फाउंड’ ची ओळ रोज तिथेच जाऊन पडत होती, आणि तुम्ही इथे विचारताय एरर कुठाय!

अजून एक, सेंडमेलला मायनस टी (पत्ता मेलच्या मजकुरातूनच घे, असं सांगणारा पर्याय) च्या जोडीला मायनस ओआय पण द्या. नाहीतर मजकुरात नुसता एक टिंब असलेली ओळ आली की सेंडमेलला वाटतं मेल संपला. आमच्या एका रिपोर्टमध्ये रिकाम्या रकान्यासाठी कोणीतरी टिंब छापलं होतं, मेल जायचा, $? पण 0, आणि समोरच्याचा फोन की हिशोब अर्धाच आलाय.