बाजेवर पडून राहा, पोरा

जय ख्रिस्त पोरा,

तुझा मेसेज रात्री दोन चाळीसला आलेला, मी सकाळी बघितला. तीनदा वाचला. बाबांना जाऊन चार महिने, त्यात जॉब गेला, आईला अजून सांगितलेलं नाही, रोज सकाळी तिला फोनवर ऑफिसला निघतोय म्हणतोस आणि परत चादर ओढून पडतोस, रविवारी चर्चला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो कारण सगळे विचारणार कसा आहेस आणि तू म्हणणार प्रभूच्या कृपेने बरा आहे. आणि शेवटी ते वाक्य, की मावशी माझी प्रार्थनाच होत नाही, शब्दच येत नाहीत, माझा विश्वास संपला वाटतं.

प्रभू आहे, तो सोडत नाही, हे मी तुला सांगत बसणार नाही. संडेस्कूलमध्ये लहान पोरांकडून वचनं तूच पाठ करून घ्यायचास. मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

बायबल घे, मार्कचा दुसरा अध्याय काढ. कफर्णहूमचं ते घर, दारापाशीसुद्धा जागा नाही एवढी गर्दी, आणि चौघं जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घेऊन येतात. आत शिरता येत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. माझ्या आजोळी नेवाशाकडे धाब्याचं घर होतं, लाकडं टाकून त्यावर काटक्या आणि वर पांढरी माती, दर पावसाळ्याआधी मामा लोक नवीन माती चढवून तुडवून घट्ट करायचे. तिकडची घरंही साधारण तशीच, त्यामुळे ते धाबं उकरायचं म्हणजे काय काम आहे हे मला डोळ्यासमोर दिसतं. खाली प्रभू वचन सांगतोय आणि वरून लोकांच्या डोक्यावर मातीची ढेकळं पडतायत. आता पुढची ओळ नीट वाच. येशू त्यांचा विश्वास पाहून त्या माणसाला म्हणाला, मुला. त्यांचा विश्वास. त्या चौघांचा. बाजेवरचा माणूस त्या अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही, त्याने प्रार्थना केली असं कुठे लिहिलेलं नाही, त्याचा स्वतःचा विश्वास होता का नव्हता हे मार्क सांगतच नाही, आणि तरी प्रभूने त्याला मुला म्हटलं.

तर तू आत्ता बाजेवरचा आहेस. उचलणारा नाहीस. तुझी प्रार्थना होत नाही तर नको होऊ दे, ती आम्ही करतो. तू फक्त बाजेवर पडून राहा आणि आम्हाला टोकं धरू दे.

हे ऐकायला सोपं वाटतं पण नाहीये. छत्तीस वर्षं नर्सिंग केलं मी. स्ट्रेचरवरून बेडवर घेताना चादरीची चार टोकं चौघींनी धरायची आणि पेशंटला आधीच सांगायचं, हात छातीवर घ्या, कुठे काही धरू नका. दहातले चार ऐकायचे नाहीत. उचलताना मध्येच घाबरून कठडा धरायचे, नाहीतर स्वतःच सरकायला बघायचे, म्हणजे तेही पडणार आणि आम्हालाही पाडणार. माझी कंबर अशाच एका भल्या माणसाने घालवली, त्याला आम्हाला त्रास द्यायचा नव्हता म्हणून त्याने मदत केली. तू तेच करतोयस. आईला त्रास नको म्हणून सांगायचं नाही, मंडळीला त्रास नको म्हणून जायचं नाही, मावशीला त्रास नको म्हणून चार महिने गप्प आणि मग रात्री दोन चाळीसला मेसेज. सोड तो कठडा.

तुला वाटेल मावशीला काय बोलायला जातंय. म्हणून जे तुझ्या आईलाही पूर्ण माहिती नाही ते लिहिते. १९९३ साली माझी धाकटी गेली, अकरा महिन्यांची होती, मेंदूज्वर झाला. मी ज्या वॉर्डात ड्युटी करायचे त्याच वॉर्डात. नवव्या दिवशी मी युनिफॉर्म घालून कामावर, आणि त्या रविवारी संडेस्कूलला. घरी बायका डबे घेऊन यायच्या, मी दारातच म्हणायचे परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, आम्ही ठीक आहोत, आणि डबा तसाच परत. उपासनेत माझं उदाहरण दिलं गेलं, बघा विश्वास कसा असावा. आणि मला ते आवडलं रे. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते, की मला ते आवडलं.

मंडळीतली एक म्हातारी, तिचं नाव नाही लिहीत, दर शुक्रवारी दुपारी यायची. काही बोलायची नाही, ओट्यावर बसायची. मी चहा द्यायचे आणि आत जाऊन भांडी घासत बसायचे, भांडी घासलेली असली तरी परत घासायचे. जवळजवळ वर्षभर आली ती. बाजेचं एक टोक धरून वर्षभर ओट्यावर बसली आणि मी बाजेवर पडायलाच तयार नाही. मग तीच गेली. तुझे काका त्या दोन वर्षांत घरात बोलेनासे झाले, कारण बायको रडत नाही म्हटल्यावर नवऱ्याने कुठे रडायचं? ते मला फार उशिरा कळलं, थोरलीच्या लग्नाच्या वेळी, ते मांडवाच्या मागे जाऊन हमसून हमसून रडत होते आणि ते लग्नाचं रडणं नव्हतं.

आता तू म्हणशील मग मावशी तू कामावर जायलाच नको होतं. तसं मी म्हणत नाहीये. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पगार माझा एकटीचा, थोरली चार वर्षांची, मी घरी बसले असते तर चूल कोणी पेटवली असती? ड्युटी केली ते चुकलं नाही असं मला आजही वाटतं, कोणी काही म्हणो. पण ड्युटीवरून आल्यावर त्या म्हातारीच्या शेजारी ओट्यावर पाच मिनिटं बसले असते तर काय बिघडलं असतं? भांडी थांबली असती ना.

एलीया संदेष्ट्याचं बघ. राजे पहिले, एकोणिसावा अध्याय. सगळे प्रचारक झुडपाखालची गोष्ट सांगतात, देवदूत आला, निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. खरंय ते, आणि फार गोड आहे, देवाने त्याला आधी झोपू आणि जेवू दिलं, प्रश्न विचारला तो नंतर, होरेबला पोचल्यावर. पण त्याच्या आधीची एक ओळ कोणी वाचत नाही. बैर-शेबाला त्याने आपल्या चाकराला ठेवलं आणि स्वतः एकटा रानात एक दिवसाची वाट चालून गेला, आणि तिथे जाऊन मरण मागितलं. क्रम बघ. सोबत सोडली आणि मग म्हणाला आता पुरे झालं. आणि देवाने पुढे काय केलं? बाल दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत असं सांगितलं आणि अलीशाकडे, त्याच्यामागून संदेष्टा होणाऱ्या माणसाकडे, पाठवलं. म्हणजे शेवटी माणसंच दिली ना हाताशी.

खुद्द प्रभूने गेथशेमाने बागेत तिघा शिष्यांना बरोबर घेतलं, येथे राहा, माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला. ते झोपले ही गोष्ट वेगळी. पण त्याने मागितलं! त्याला मागायला लाज वाटली नाही आणि तुला वाटते?

तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ होती, सकाळी उठूच नये असं वाटतं. ती मी सोडून देणार नाहीये. असं कधीकधी वाटतं का रोज, आणि नुसतं वाटतं का काही करावंसं वाटतं, हे मी तुला भेटल्यावर सरळ विचारणार आहे आणि तू सरळ सांगायचंस. त्याआधी रात्री तसं वाटलं तर मला उठव, कितीही वाजलेले असू देत, आणि मी फोन नाही उचलला तर १४४१६ लाव, टेली मानस, सरकारचा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. डॉक्टरकडे आपण जाणारच आहोत. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असं जो म्हणेल त्याला माझ्याकडे पाठव. पौलाच्या हातून केवढी माणसं बरी झाली, पण त्याच्या शिष्याच्या, तीमथ्याच्या, पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं, सोबतच्या त्रफिमाला तर मिलेतात आजारी सोडून यावं लागलं, आणि लूक वैद्य त्याच्या सोबत असायचा. मी आयुष्यभर सलाईन लावताना मनात प्रार्थना केली, मला त्या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत.

आणि तुझ्या घरात काही लपलेलं पाप असेल म्हणून असं होतंय, असं जे कोणी तुला सांगितलं, त्याचा मला राग आलाय. योहान नऊ. जन्मांध माणूस, शिष्य विचारतात पाप कोणी केलं, ह्याने का आईबापाने, आणि प्रभू म्हणतो ह्यानेही नाही, आईबापानेही नाही. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लोक कसं बोलू शकतात मला समजत नाही. दुसरे येतील ते पंडिता रमाबाईंचं नाव घेऊन, त्यांनी किती सोसलं बघ आणि तू नोकरीसाठी रडतोस. रमाबाईंचे आईवडील, बहीण दुष्काळात गेले, भाऊ गेला, १८८२ साली नवरा गेला, १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली आणि १९२२ मध्ये त्या स्वतः. सगळं खरं. पण केडगावला जाऊन बघ ते मुक्ती मिशन, ते काय एकटीने सोसायचं ठिकाण होतं? शेकडो बायका-पोरींचं घर होतं ते. १९०५ साली त्यांनी सोबतच्या बायकांना आपल्याबरोबर प्रार्थनेला बसवलं. रमाबाईंसारखी बाई म्हणते माझ्याबरोबर बसा, आणि त्यांचंच नाव घेऊन तुला एकट्याने सोस सांगायचं?

प्रभू त्या बाजेवरच्या माणसाला पुढे म्हणालाच, ऊठ, आपली बाज उचल आणि घरी जा. तू उठशील. पण ते ऊठ म्हणायचं काम प्रभूचं आहे, माझं नाही, मंडळीतल्या कोणाचं नाही, आणि तुझं स्वतःचं तर अजिबात नाही. मी बाज धरणाऱ्यातली आहे, मला तेवढंच येतं. आणि मला ते करू दे, कारण त्या म्हातारीला मी करू दिलं नाही.

तर चार टोकं मी मोजलीयत. एक मी. एक तुझा तो गिटारवाला मित्र, त्याला मी फोन करू का तू करतोस ते सांग. एक डॉक्टर. आणि चौथं तुझी आई. हो, आई. ती नवरा गेलेली बाई आहे, तुला वाटतं तेवढी कच्ची नाही, आणि तुझ्या ऑफिसला निघतोयच्या आवाजावरून तिला काही कळलं नसेल असं समजू नकोस. तिला कसं सांगायचं ते आपण दोघं बसून ठरवू, पण सांगायचं.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. वाकडेवाडीला उतरून रिक्षा करीन, घ्यायला येऊ नकोस, झोप. रूम आवरू नकोस. केस विंचरले नसतील तर नसू देत. माझ्यासमोर प्रार्थना करावी लागेल असं मनात आणू नकोस, मी करीन, तू डोळे उघडे ठेवून पडलास तरी चालेल. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि थोडं कालवण आणतेय, तुझ्याकडे गॅस आहे का संपलाय तेवढं कळव.

तुझी,
मावशी