बॅक्टेरियाला ना हात ना तोंड, मग शेजारच्या पेशीत विष घालतात तरी कसं?

विष नुसतं बाहेर सोडून देणारे बॅक्टेरिया असतातच, पण तुम्ही विचारलंय थेट शेजाऱ्याच्या आत कसं घालतात, तर काहींकडे त्यासाठी चक्क स्प्रिंगसारखा सुटणारा भाला असतो. नाव मात्र अगदीच रुक्ष, टाइप सिक्स सिक्रिशन सिस्टम. 2006 मध्ये कॉलऱ्याच्या जंतूत म्हणजे व्हिब्रिओ कॉलरेमध्ये ती ओळखली गेली.

आत प्रोटीनच्या रिंगा एकावर एक रचलेली नळी, टोकाला अणकुचीदार सुई, भोवती ताणलेलं वेष्टण, आणि विष असतं सुईला चिकटलेलं नाहीतर नळीत भरलेलं. हे जुळवायला अर्धा मिनिट वगैरे लागतो, पण एकदा वेष्टण आकसलं की साधारण 5 मिलिसेकंदांत ते निम्म्यावर येतं आणि आतली नळी सुईसकट स्वतःच्या भिंतीतून बाहेर आणि थेट शेजाऱ्याच्या अंगात. मग आकसलेलं वेष्टण सुटं करून तेच तुकडे पुढच्या भाल्याला वापरतात, एवढी काटकसर आपल्या घरात पण नसते. बॅक्टेरियावर हल्ला करणाऱ्या टी-फोर व्हायरसची शेपटी पण अशीच चालते. एमएस्सीला असताना, भाल्याच्या वेष्टणाला चमकतं प्रोटीन जोडून काढलेला व्हिडिओ पाहिला होता, पेशीत रेघ उमटते, झटक्यात आखूड होते, गायब, परत दुसरीकडे उमटते, मी तो दहा वेळा तरी रिवाइंड केला असेल.

आता भाला काही नाव विचारून घुसत नाही, सख्ख्या भाऊबंदांनाही लागतो. म्हणून प्रत्येक विषाबरोबर त्याचा उतारा बनवणारा जीनही जवळच असतो. उदाहरणार्थ स्युडोमोनास एरुजिनोसा या दुसऱ्या भालेवाल्या बॅक्टेरियाची काही विषं शेजाऱ्याची पेशीभित्तिका कापतात, भिंत कमकुवत झाली की आतल्या दाबाने पेशी फुटते, पण भावाकडे उतारा आहे म्हणून त्याला काही होत नाही.

आणि या स्युडोमोनासचा स्वभाव बघा. व्हिब्रिओ कुठेही भोसकत सुटतो, हा मात्र आपल्याला जिथे भाला लागला बरोबर तिथूनच उलटा भाला मारतो. 2013 मध्ये दोघांना एकत्र ठेवून पाहिलं तेव्हा याने भालेवाले व्हिब्रिओ भराभर मारले, पण ज्या व्हिब्रिओचा भाला संशोधकांनी आधीच निकामी केला होता त्यांच्या शेजारी हाच गडी गप्प बसून राहिला.