गोळीवर आणखी कॅप्सूल?

प्रश्न : नैराश्यासाठी सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन) वाढवणारी गोळी चालू आहे. सोबत ट्रिप्टोफॅनच्या (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं त्या अमिनो आम्लाच्या) कॅप्सूल घेऊ का?

उत्तर : मनाने मुळीच घेऊ नका. दोन्ही मिळून सेरोटोनिन प्रमाणाबाहेर गेलं तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, ताप चढतो. रात्रपाळीत हे पाहिलंय, म्हणून एवढं ठासून सांगतेय. शिवाय ट्रिप्टोफॅनच्या विघटनाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग किन्युरेनिन नावाच्या वेगळ्याच पदार्थाच्या वाटेने जातो. नायसिनही (ब-३ जीवनसत्त्व) तिथूनच बनतं, ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे जेमतेम १ मिलिग्रॅम. अंगात दाह असला की हा ओढा आणखी वाढतो. सेरोटोनिनच्या वाट्याला चिल्लर येते, तीही बहुतेक आतड्यात, आणि तिथलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. कार्सिनॉइड गाठीत (सेरोटोनिन बनवू शकणारा एक ट्यूमर) मात्र उलटं: ती ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनकडे इतकं खेचते की नायसिन कमी पडून कधी कातडीवर पेलाग्रा या आजाराचे चट्टे उठतात. कॅप्सूल सुरू केल्याच असतील तर डॉक्टरांना आजच फोन करा.