मोबाईलवर जुन्या व्हिडिओ गेमचे तयार संग्रह घ्यावेत की एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं अ‍ॅप) टाकावा? उडी वेळेवर लागत नाही आणि आवाज मागून येतो, त्याचं काय करायचं?

आधी उडी आणि आवाज बघू, कारण हे दुखणं सुटलं नाही तर संग्रह कुठलाही घ्या, खेळताना चिडचिडच होणार.

जुने कन्सोल सेकंदाला साधारण ६० फ्रेम दाखवायचे, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. ब्लूटूथ इअरफोनवर आवाज १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे नऊ ते बारा फ्रेम गेल्या! एम्युलेटरमधल्या सेटिंगशी खेळून हे जात नाही. फोनचा स्पीकर वापरा, नाहीतर वायरचा इअरफोन.

उडीचं दुखणं दोन ठिकाणी असतं. पहिलं म्हणजे काचेवरची बटणं. अंगठ्याला कडा लागत नाही, त्यामुळे तो हळूहळू सरकतो आणि तुम्हाला कळतही नाही. यावर खरा उपाय कंट्रोलर, आणि तोही शक्यतो फोनच्या टाईप-सी पोर्टमध्ये थेट बसणारा. टचवरच खेळायचं असेल तर रेट्रोआर्च या एम्युलेटरच्या ओव्हरले (पडद्यावरच्या बटणांच्या) सेटिंगमध्ये डी-पॅडची (दिशांच्या बटणाची) तिरप्या दिशांची संवेदनशीलता कमी करा. टेट्रिसमध्ये ठोकळा बाजूला नेताना मध्येच खाली धावतो, तो याच तिरप्या स्पर्शामुळे.

दुसरं ठिकाण म्हणजे गेमचा स्वतःचा उशीर. बऱ्याच जुन्या गेममध्ये बटण दाबल्यावर पात्र एक-दोन फ्रेमनंतरच हलतं, मूळ कन्सोलवरही. रेट्रोआर्चमध्ये लेटन्सीच्या (उशिराच्या) सेटिंगखाली 'रन-अहेड' आहे, तो हा उशीर खाऊन टाकतो. १ फ्रेमपासून सुरुवात करा. आकडा गरजेपेक्षा जास्त झाला की हालचालीतल्या सुरुवातीच्या फ्रेम गिळल्या जातात आणि पात्र उड्या मारत चालल्यासारखं दिसतं. तसं दिसलं की एकाने कमी करा. प्रोसेसरवर भार वाढतो, म्हणून ८ आणि १६ बिटच्या, म्हणजे जुन्या साध्या कन्सोलच्या, गेमलाच हे लावावं.

फोनचा स्क्रीन ९० हर्ट्झवर (सेकंदाला ९० वेळा चित्र बदलणारा) असेल तर तो ६० किंवा १२० वर आणा. ६० फ्रेम ९० मध्ये सारख्या वाटल्या जात नाहीत, म्हणून पडदा सरकताना झटके बसतात. गेमची युरोपीय, म्हणजे ५० हर्ट्झची आवृत्तीही टाळा. त्यांतल्या कितीतरी मुळातच संथ चालतात.

आता संग्रह. तयार विकत मिळणाऱ्यांत सरसकट चांगलं-वाईट असं नाही. सोनिकचे पहिले दोन भाग २०१३ मध्ये मोबाईलवर आले ते एम्युलेशन नव्हतं, रुंद पडद्यासाठी नव्याने बांधलेले होते, आणि म्हणूनच ते इतके गुळगुळीत चालतात. अशी मेहनत घेतलेली असेल तर पैसे बिनधास्त द्या. धोका एकच, अ‍ॅप अद्ययावत ठेवणारं कोणी उरलं नाही तर ते मरतं. २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२ बिटची अ‍ॅप चालवणं बंद केलं, तेव्हा विकत घेतलेले कितीतरी जुने गेम नव्या आयफोनवर उघडेनासे झाले.

एम्युलेटर अँड्रॉइडवर पूर्वीपासून आहेत. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवर २०२४ पासून डेल्टा, रेट्रोआर्च आणि पीपीएसएसपीपी मिळतात. गेमच्या फाईल मात्र स्वतःच्या कार्ट्रिजवरून किंवा डिस्कवरून काढलेल्या, नाहीतर निर्मात्यांनीच फुकट दिलेल्या असाव्यात.

कोअर, म्हणजे रेट्रोआर्चमधला एकेका कन्सोलची नक्कल करणारा भाग, निवडताना फार डोकं लावू नका: एनईएसला नेस्टोपिया किंवा मेसन, सुपर एनईएसला स्नेस९एक्स, मेगा ड्राइव्हला जेनेसिस प्लस जीएक्स, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला एमजीबीए. पहिल्या प्लेस्टेशनच्या गेमला बिन आणि क्यू अशा दोन फाईल असतात. क्यू ही साधी मजकुराची फाईल, तिच्यात बिनचं नाव लिहिलेलं असतं. बिनचं नाव बदललंत की गेम उघडत नाही आणि लोक एम्युलेटरला शिव्या घालतात. दोन्ही मिळून एकच सीएचडी (दाबून लहान केलेली) फाईल करून ठेवली की हा घोळ संपतो, जागाही वाचते.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते आर्केडच्या गेमवर. तिथली झिप सोडवायची नाही आणि तिचं नावही बदलायचं नाही, कारण कोअर गेम ओळखतो तो त्या नावावरूनच. शिवाय गेम-फाईलींचा संच कोअरच्या आवृत्तीशी जुळावा लागतो: मेम २००३-प्लस हा आर्केडचा कोअर मेमच्या जुन्या ०.७८ आवृत्तीच्या संचावर बेतलेला आहे, तर एफबीनिओ या दुसऱ्या कोअरला ताजा संच लागतो. निओ जिओच्या गेमशेजारी त्याची बायोस (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) झिप हवीच.

चित्रासाठी 'इंटिजर स्केल' (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) चालू करा. १०८० रेषांच्या पडद्यावर २४० रेषांचा गेम बरोबर चौपट, म्हणजे ९६० होतो. वर-खाली थोडी काळी पट्टी राहते, पण सगळे पिक्सेल सारखे दिसतात. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स मात्र फोन उभा धरून खेळा. चित्र वर, बटणं खाली, अंगठा चित्रावर येतच नाही.

सेव्हच्या बाबतीत फक्त सेव्ह स्टेटवर (एम्युलेटरने घेतलेल्या त्या क्षणाच्या नोंदीवर) विसंबू नका. कोअर अपडेट झाला की जुनी स्टेट कधीकधी उघडत नाही. गेममधलाच सेव्ह वापरा, त्याची एसआरएम फाईल बहुतेक वेळा दुसऱ्या कोअरलाही चालते. फोन मागे पडलेलं अ‍ॅप केव्हाही बंद करतो, म्हणून सेव्हरॅमचा (गेममधल्या सेव्हचा) ऑटोसेव्ह १० सेकंदांवर आहे ना ते पाहा. अँड्रॉइडवर सेव्हचा फोल्डर अ‍ॅपच्या खासगी जागेबाहेर निवडा. आत ठेवलेले सेव्ह अ‍ॅप काढलं की त्याच्यासोबतच पुसले जातात.