हिरड्याच्या रानात कॉटेजेस : वाडीला हरकत घेता येते का?

प्रश्न : आमची वाडी जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात आहे. वाडीच्या वरच्या अंगाला राखीव वन असून एप्रिल-मे महिन्यांत आम्ही तेथून बाळहिरडा गोळा करतो. पिण्याचे पाणीही तेथील झऱ्याचेच येते. या रानात पर्यटकांसाठी चाळीस लाकडी कॉटेजेस उभारून ती खासगी कंपनीला चालवायला द्यायची आहेत, असे मोजणीसाठी आलेल्या लोकांकडून समजले. विचारणा केल्यावर ‘जमीन सरकारची आहे, तुमचा संबंध नाही’ असे उत्तर मिळाले. आमची गट ग्रामपंचायत असल्याने सभेत वाडीचे मत मागे पडते. वाडीतील काही तरुणांना रोजगाराचीही आशा वाटते. आम्हाला कायद्याने हरकत घेता येते का?
— महादेव कोळी समाजातील एक वाचक

उत्तर : हरकत निश्चितच घेता येते. राखीव वनाची जमीन सरकारच्या नावावर असली, तरी २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या वनावर जगणाऱ्या लोकांचे हक्क मान्य केले आहेत. हिरड्यासारखे गौण वनउपज गोळा करणे व विकणे हा त्यांपैकीच एक हक्क आहे, त्यामुळे ‘तुमचा संबंध नाही’ हे म्हणणे कायद्यापुढे टिकणारे नाही.

मात्र एका गैरसमजापासून सावध राहावे. वनजमिनीवर बांधकाम करायचे तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, तेव्हा प्रकल्प तेथेच अडेल, असे तुम्हाला कोणी सांगेल. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार ते अनेक वर्षे बरोबर होते. परंतु १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे वनाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात, समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा ‘वनेतर वापरा’तून वगळल्या आहेत, म्हणून त्यांना त्यासाठीची ती मंजुरी लागत नाही. हा बदल मला घातक वाटतो, कारण चाळीस कॉटेजेसना रस्ता, बोअरवेल, सांडपाण्याची सोय आणि रात्रभर दिवे हे सारे लागतेच, आणि त्याचा भार झऱ्यावर व रानातील जनावरांवर पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवी प्राणिसंग्रहालये व सफारी उभारण्यास मनाई केली. परंतु पर्यटक-निवासांना ती लागू होत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये.

यासाठी प्रथम माहिती अधिकारात अर्ज करून कार्य आयोजनेतील संबंधित भाग, जागेचा नकाशा आणि कंपनीबरोबरच्या कराराचा मसुदा मागावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. कॉटेजेस आयोजनेत नसतील, तर वरील सवलत त्यांना मिळत नाही आणि केंद्राच्या मंजुरीचा आग्रह धरता येतो.

त्याच वेळी सामूहिक वनहक्काचा, म्हणजे साऱ्या वाडीने मिळून वनावर सांगायच्या हक्काचा, दावा दाखल करावा. माझ्या मते तुमचे खरे बळ यातच आहे. वनहक्क कायद्यातील कलम ५ ने ग्रामसभेला वन, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. याच कायद्यात शाळा, अंगणवाडी यांसारख्या ज्या तेरा सरकारी सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने थोडी वनजमीन देता येते, त्यांत पर्यटन-निवास नाहीत. गट ग्रामपंचायतीची अडचणही सुटू शकते : तुमचा भाग अनुसूचित (आदिवासी म्हणून घोषित) क्षेत्रात येत असल्यास, अशा क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनुसार वाडीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. वनहक्काच्या ग्रामसभेत किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. ही अट पाळली नाही, तर ठरावाला आव्हान देणे सोपे जाते.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे गावाने स्वतः बांबूविक्री सुरू केली. ओडिशातील नियमगिरीच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, तेव्हा बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तेथे डोंगरिया कोंध समाजाच्या श्रद्धास्थानाचाही प्रश्न होता, त्यामुळे तो निकाल तुमच्या प्रकरणाला जसाच्या तसा लागू होईल असे नाही. पण ग्रामसभेचा शब्द किती वजनदार ठरू शकतो, हे त्यावरून दिसते.

तरुणांची आशा झटकून टाकू नये. मसुदा हाती आल्यावर तो त्यांच्यासह सभेत मोठ्याने वाचावा, आणि किती स्थानिकांना, कोणत्या कामावर, किती वर्षांसाठी घेणार याची त्यात लेखी हमी आहे का, ते पाहावे. पर्यटक यावेत असे वाडीला वाटत असेल, तर गावठाणातील घरांतच त्यांची राहण्याची सोय करून ते उत्पन्न घरांत ठेवता येईल. त्यासाठी रानाला हात लावावा लागत नाही.

दाव्यासोबतच्या नकाशावर हिरड्याची झाडे कोठे आहेत, झरा कोठे उगम पावतो आणि पायवाटा कोणत्या, हे वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष फिरून नोंदवावे. हिरड्याच्या हंगामात सर्वजण रानात असतात, तेव्हाच हे काम केले तर एकही जागा सुटणार नाही.